सोन्या, कोणी गायब झालेलं नाहीये

प्रिय सोन्या,

काल फोन मध्येच कटला, तू विचारत होतास की आई ते माया लोक गायब झाले ना, मग गेले कुठे? तेवढ्यात नेट गेलं ते गेलंच. हॉटेलवाला म्हणाला मान्याना, म्हणजे उद्या, पण हा उद्या आपल्या तलाठी ऑफिसातला उद्या दिसतोय, म्हणून लिहूनच ठेवते, नेट आलं की पाठवीन.

आधी तिकालचं सांगते, म्हणजे इथे ग्वाटेमालाच्या जंगलातलं माया लोकांचं जुनं शहर. पहाटे साडेतीनला उठून टॉर्च घेऊन जंगलातून चालत गेलो आणि चार नंबरच्या देवळावर लाकडी जिन्याने चढलो, 65 मीटर उंच आहे ते, माझ्या गुडघ्यांनी प्रत्येक पायरी मोजली. वर बसलो तर नुसतं धुकं, आणि त्या धुक्यातून एकदम असली डरकाळी की बाबांनी माझा हात घट्ट धरला (लग्नानंतर पहिल्यांदाच बहुतेक). गाईड हसायला लागला, ती माकडं होती, हाउलर मंकी! मग उजाडलं तसे झाडांच्या वर देवळांचे तीन शेंडे दिसायला लागले, बाकी सगळीकडे हिरवंगार रान, खाली अख्खं शहर गाडलेलं. मी कधी नव्हे ते गप्प बसले होते, बाबांना विचार.

पण मला खरी मजा कशात वाटली सांगू का, तिथल्या गणेशपट्टीत. देवळाच्या दारावर जी आडवी तुळई असते ना, ती चक्क चिकूच्या लाकडाची! साधारण 1300 वर्षं झाली, इतक्या दमट हवेत, आणि लाकूड टिकलंय. माझं माहेर घोलवडचं, जन्म गेला चिकूच्या वाडीत, पण चिकू मूळचा इकडचा हे डोक्यात कधी आलंच नाही. त्याच्याच चिकापासून पूर्वी च्युइंगगम करायचे. मी झाडाला हात लावून आले, बाबा म्हणे फोटो काढू का माहेरच्यांबरोबर.

आता तुझा प्रश्न. तिकालमध्ये तारीख कोरलेला शेवटचा दगड 869 सालचा, त्यानंतर शहर ओस पडत गेलं. दुष्काळ, आपसातल्या लढाया, जंगलतोड, कारणं बरीच सांगतात. पण शहर सोडलं म्हणजे माणसं संपली का रे? इथून जवळच फ्लोरेस म्हणून तळ्यातलं बेट आहे, तिथलं माया लोकांचं राज्य स्पॅनिशांनी घेतलं ते 1697 मध्ये, म्हणजे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते तेव्हा! आणि ग्वाटेमालाच्या 2018 च्या जनगणनेतही 40 टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वतःला माया म्हणून नोंदवलंय, 22 भाषा आहेत त्यांच्या.

अँटिग्वा शहर छान आहे, ज्वालामुखी वगैरे, फोटो पाठवते. आतितलान तळ्यावर मात्र चार दिवस राहिलो. तीन ज्वालामुखी आणि मध्ये हे निळं पाणी. दुपारी चोकोमिल नावाचा वारा सुटतो, लाँच सकाळीच पकडा असं सगळे सांगतात, आणि बाबांनी अर्थातच दुपारची पकडली. नखशिखांत भिजलो, टोपी तळ्यात गेली.

सान हुआन नावाच्या गावात एका बाईकडे बसले होते, कमरेला पट्टा बांधून माग चालवते ती, कापसाला रंग झाडपाल्याचा. बाजूला सासू मक्याच्या टॉर्टिया थापत होती, अगदी भाकरीसारख्या, हातावर टपटपटप. मका रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवतात, मग धुऊन दळतात. गरम असतील तर ठेचा हवाच होता. मधेच मी लढाईचं विचारलं आणि लगेच वाटलं विचारायला नको होतं. 1960 ते 1996 यादवी चालली, दोनेक लाख माणसं गेली, त्यातली बहुतेक मायाच. बाई काही बोलली नाही, फक्त धागा ओढत राहिली.

आणि तिची मुलगी, नऊ-दहा वर्षांची, कोपऱ्यात होमवर्क करत होती. मी बघितलं तर वहीत टिंबं आणि रेघा! माया आकडे रे. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शून्याला शिंपला, आणि दहाच्या ऐवजी वीसवर हातचा. खालून वर वाचायचं. गणिताची मास्तरीण गप्प बसते होय? 45, म्हणजे वर दोन विसांची दोन टिंबं आणि खाली पाचाची रेघ, तिने चुकवले होते, वर एकच टिंब काढलं होतं. मी नुसतं बोट ठेवलं, तिने जीभ चावली आणि दुसरं टिंब दिलं. भाषा दोघींची शून्य.

आठवतंय ना, 2012 च्या डिसेंबरात सहावीत असताना जग बुडणार म्हणून तू गणिताचा गृहपाठ केला नव्हतास, आणि मी बाकावर उभं केलं होतं? त्यांच्या कॅलेंडरचं 144000 दिवसांचं एक चक्र संपलं होतं फक्त, दुसऱ्या दिवशी पुढची तारीख. त्या मुलीला हे सांगायचं होतं, पण स्पॅनिश तेवढं नाही.

तुझ्यासाठी तिथलाच एक मफलर घेतलाय, भाव केला नाही. वेलदोडेही घेतलेत, इकडे ढीगभर पिकतात आणि स्वतः फारसे खातच नाहीत म्हणे. बाबा खालून हाका मारतायत, टॉर्टिया गार होतायत.

तुझी
आई