नवख्याला टीममध्ये घेताना

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

चवथीला वाळपईची आत्या येणार, बरोबर चिन्मय. त्याच्याकडे आता स्वतःचा कॉम्प्युटर आहे आणि त्याला तुमच्या टोळक्यात व्हॅलोरंट, तो पाच-पाच जणांच्या टीमचा गोळीबाराचा खेळ, खेळायचा आहे. तुम्ही चौघं मुरलेले, तो अजून पळता पळता गोळ्या झाडणारा. नुसतं ‘सांभाळून घे’ म्हटल्यानं भागायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

त्याला रँकच्या मॅचमध्ये ओढू नका, स्विफ्टप्ले लावा. तिथं ५ राउंड जिंकले की मॅच संपते. रँकला १३ लागतात, आणि ३-११ वर अडकलेल्या नवख्याला पुढचा प्रत्येक राउंड म्हणजे शिक्षा वाटते. नव्या खात्यावर मिळणाऱ्या एजंटांपैकी (खेळातल्या पात्रांपैकी) त्याला जेटच हवी असेल. सगळ्यांनाच हवी असते. एक मॅच घेऊ दे, मग ब्रिमस्टोन सुचव. नकाशा उघडून जागा निवडली की त्याचा धूर तिथं पडतो. नेम कच्चा असला तरी टीमला त्याचा उपयोग होतो, आणि उपयोग होतोय हे त्यालाही दिसतं.

स्विफ्टप्लेमध्ये खेळातल्या पैशांचा हिशेब सोपा असतो. अनरेटेडला, म्हणजे रँक न मोजणाऱ्या पूर्ण मॅचला, गेलात की मात्र नवखा हमखास चुकतो. खिशात २००० आहेत, बाकीचे चौघं राउंड सोडून पैसे साठवताहेत, आणि हा १६०० ची स्पेक्टर बंदूक घेऊन एकटा आत शिरतो. वाचवले असते तर हरलेल्या राउंडचे १९०० मिळून ३९०० झाले असते, म्हणजे २९०० ची व्हँडल रायफल आणि १००० चं जड शील्ड. हे गणित त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. खरेदीला ३० सेकंद असतात. त्यातल्या पहिल्या पाचात ‘ह्या वेळी वाचवायचे, पुढच्याला सगळे घेऊ’ एवढं वाक्य टाक. नंतर ‘अरे कशाला घेतलीस!’ म्हणून ओरडणाऱ्यानं वेळेवर तोंड उघडलेलं नसतं, एवढंच त्यातून कळतं.

माइकवर बोलायचं ते जागा, माणसं, नुकसान ह्या क्रमानं. ‘ए मेन, दोन, एकाला ८०.’ पूर्ण शील्डसकट माणसाची ताकद १५० असते, व्हँडलची एक गोळी अंगावर ४० काढते, म्हणजे त्या एकाला आणखी दोन गोळ्या पुरे. हा हिशेब चिन्मयला आधी समजावून ठेव, नाहीतर ‘८०’ ऐकून तो गोंधळेल. नकाशावरच्या जागांची नावं पहिल्या दिवशी चार-पाचच सांग. नाव आठवलं नाही तर त्यानं नुसतं पिंग करावं, म्हणजे तिथं खूण टाकावी.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो शेवटचा एकटा उरल्यावर. चौघं मेलेले, चौघांच्या डोळ्यांसमोर त्याचा स्क्रीन, आणि चौघंही एकदम बोलणारे: ‘मागे बघ, रिलोड कर, लाव लाव, काढ काढ!’ त्या वेळी त्याला शत्रूच्या पावलांचा आवाज हवा असतो आणि तोच तुमच्या कालव्यात बुडतो. मेल्यावर माइक बंद. फार तर एकानं वेळ सांगावी. स्पाईक, म्हणजे खेळातला बॉम्ब, लावल्यापासून ४५ सेकंदांत फुटते, निकामी करायला ७ लागतात, आणि अर्ध्यापर्यंत पोचून सोडली तर ते अर्धं काम शाबूत राहतं. हे शेवटचं बहुतेक नवख्यांना ठाऊक नसतं. पण तेही त्याच्या कानात आधीच पडलेलं असावं, स्पाईकजवळ बसल्यावर नव्हे. घुमट आरतीत नवा पोर ताल चुकला तर कोणी आरती थांबवून शिकवतो का? शेजारचा जरा जोरात वाजवतो आणि त्याला तालात आणतो, समजावणं नंतर.

चूक दाखवायची ती मॅचला एकच. आधी थांबून गोळी मारायला शिकव. पळताना गोळ्या पसरतात, म्हणून त्याचा नेम ‘वाईट’ दिसतो. ते जमलं की क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, जमिनीवर न ठेवता डोक्याच्या उंचीवर धरणं. प्रत्येक माणूस मारल्यावर रिलोड करण्याची सवय मोडणं पुढच्या खेपेला. तिन्ही एकदम सांगितलीस तर एकही धड होणार नाही, आणि टोचून सांगितलीस तर तो माइक बंद करेल. मग त्याच्या बाजूनं कोण येतंय ते तुम्हाला कळणार नाही.

अनोळखी कच्च्या खेळाडूलाही हेच लागू. कोणाला मठ्ठ म्हणण्याआधी टॅब दाबून त्याचा पिंग, म्हणजे नेटला लागणारा उशीर, बघ. सत्तरी तालुक्यात पावसात मोबाइल डेटावर खेळणाऱ्याचा १५० मिलिसेकंदांच्या पुढे असू शकतो. त्याला शत्रू दिसतो तोवर गोळी लागलेली असते. मध्येच गायब झाला तर वीज गेली असेल, हे गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. रिपोर्ट करायचा तो मुद्दाम हरवणाऱ्याचा किंवा शिव्या देणाऱ्याचा. कच्चं खेळणं हा गुन्हा नाही. कोणाचं हिंदी, कोणाचा आवाज फुटलेला, ह्यावरून नकला तर नकोतच.

समोरची टीम कच्ची निघाली की नुसत्या सुरीनं खेळायचं, मेलेल्यावर उठबशा काढायच्या, चॅटमध्ये ‘ईझी’ लिहायचं, ही फुशारकी मला किळसवाणी वाटते. नीट खेळून लवकर संपवा. आणि दुसरं खातं काढून खालच्या रँकमध्ये शिकार करायचा विचार कोणी मांडला तर साफ नाही म्हण. बुद्धिबळात खेळाडूची ताकद मोजणाऱ्या एलो पद्धतीत ४०० अंकांचा फरक असला तर वरच्याला ११ डावांत साधारण १० गुण अपेक्षित असतात. तिथं खालच्याला शिकायला काही उरत नाही. डोटा २ ह्या दुसऱ्या खेळातली अशी ९०,००० खाती तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं २०२३ मध्ये बंद केली, ते उगीच नव्हे.

चिन्मय आला की आधी दहा मिनिटं त्याला द रेंजमध्ये, म्हणजे खेळातल्या सरावाच्या जागी, बॉटवर हात बसवू दे. चांगला हेडफोन त्याला दे, पावलं ऐकायची गरज त्याला जास्त. मित्रांना आदल्या दिवशीच मेसेज टाक की रात्री रँक खेळायचं नाही. आणि ‘असं कर’ म्हणत त्याच्या हातातला माउस ओढून घेऊ नकोस; काय चुकलं ते तोंडानं सांग, करू दे त्यालाच.

तुझे
बाबा