सोलविषयी, सुनीलला

मॉन्ट्रियल

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. उन्हाळ्याच्या सुटीतल्या बालनाट्य शिबिरासाठी तुला विदूषक हवा आहे, परंतु लाल नाक लावून कोलांट्या मारणारा नको, हे वाचले आणि सोलविषयी तुला सविस्तर लिहायचे ठरवले. इकडच्या फ्रेंच दूरचित्रवाणीवर मुलांचा असा कोणी विदूषक होऊन गेला का, असे तू विचारले आहेस. होऊन गेला, आणि तो इतका लाडका ठरला की मॉन्ट्रियलच्या रोझमाँ भागात 2013 मध्ये सुरू झालेल्या पालिकेच्या ग्रंथालयाला तो साकारणाऱ्या नटाचे, म्हणजे मार्क फाव्रोचे, नाव दिले गेले. एखाद्या नाट्यगृहाला ते दिले असते तर मला विशेष वाटले नसते. ग्रंथालयाला ते का शोभते, हे मात्र सोल बोलायला लागल्यावरच कळते.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. रेडिओ-कॅनडा या कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची दूरचित्रवाणी मॉन्ट्रियलमध्ये 1952 साली सुरू झाली तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी कार्यक्रम एकाच वाहिनीवर दाटीवाटीने राहत होते. 1954 मध्ये इंग्रजीची वेगळी वाहिनी झाली आणि फ्रेंच कार्यक्रमांना ऐसपैस जागा मिळाली. त्या जागेत 1956 पासून मुलांसाठी ‘ला ब्वात आ सुरप्रीझ’, म्हणजे आश्चर्यांची पेटी, नावाचा कार्यक्रम होऊ लागला. या पेटीतून निघालेली पात्रे इथल्या साठीच्या पुढच्या माणसांना अजून तोंडपाठ आहेत. मॉस्कोत जन्मलेली किम यारोशेव्स्काया ही फाँफ्रलुश नावाची बाहुली होत असे, आणि गोष्ट मनाविरुद्ध चालली की ही बाहुली सरळ पुस्तकात शिरून ती बदलून टाकत असे. पॅरिसहून आलेला पॉल ब्युइसोनो पिकोलो व्हायचा. (फाँफ्रलुशवर तुला वेगळे पत्र लिहायला हवे, तुझ्या शिबिरातल्या मुलींना ती फार आवडेल.) याच पेटीतून 1958 मध्ये सोल बाहेर पडला. अंगाहून मोठा, ठिगळे लावलेला कोट, चेपलेली टोपी, वाढलेल्या दाढीसारखा रंगवलेला काळपट जबडा, असा हा भटक्या. त्याचा पहिला जोडीदार लुई द सांतिसने केलेला बिम होता आणि त्यानंतर बुताँ आला. परंतु लोकांच्या मनात कायमची बसली ती सोल आणि गोब्ले ही जोडी, जी 1968 ते 1971 या काळात स्वतंत्र मालिकेत दिसली. गोब्लेचे काम ल्युक द्युराँ करीत असे, आणि मालिकेचे लेखनही या दोघांनी मिळूनच केले.

सर्कशीच्या युरोपीय परंपरेत विदूषकांची एक जुनी जोडी आहे. एक नीटनेटका, पांढऱ्या चेहऱ्याचा, सगळे काही ठाऊक असलेला. दुसरा गबाळा, ज्याच्या हातून प्रत्येक गोष्ट बिघडते. गोब्ले आणि सोल या चौकटीतलेच आहेत, पण दोन गोष्टींत ते तिच्यापासून दूर गेले. पहिली अशी की ते एकाच घरात राहतात आणि त्यांच्यावर कोणी रिंगमास्टर नाही, त्यामुळे वाढदिवस, आजारपण, प्रवासाची तयारी असल्या साध्या घरगुती बाबींतून ते स्वतःच गोंधळ उभा करतात आणि स्वतःच निस्तरतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गोब्ले हा नाजूक, थोडा कविमनाचा, शुद्ध बोलणारा असला तरी सोलला हिणवण्यासाठी तो कधी चूक दाखवीत नाही. तो चूक दुरुस्त करतो, सोल ती दुरुस्ती मनापासून मान्य करतो, आणि पुढच्याच वाक्यात अधिक मोठी चूक करतो.

कारण सोल घसरतो तो भाषेत. फ्रेंचमध्ये भूतकाळासाठी दोन साहाय्यक क्रियापदे आहेत, आणि कोणत्या ठिकाणी कोणते हे शिकताना इथल्या प्रत्येक मुलाची तारांबळ उडते; सोल हमखास चुकीचेच निवडतो. आपली चार वर्षांची मुले ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणतात, त्याच जातीची ही चूक आहे. मुलाने नियम पक्का शिकलेला असतो. बोलणाऱ्या समाजाने नियम मोडलेला आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आता विचार कर, सहा-सात वर्षांचे मूल, जे दिवसभर घरी आणि शाळेत ‘असे नव्हे, असे म्हण’ ऐकत आले आहे, ते संध्याकाळी दूरचित्रवाणीसमोर बसते आणि एक दाढीवाला मोठा माणूस पूर्ण आत्मविश्वासाने तीच चूक करतो. त्या मुलाला हसू येते, कारण बरोबर रूप काय हे त्याला कळते. बहुधा आयुष्यात प्रथमच ते मोठ्या माणसाच्या एक पाऊल पुढे असते. मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी भाषा सोपी करावी, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. सोलची भाषा सोपी मुळीच नव्हती. तो दोन शब्दांचे धड आणि शेपूट जोडून तिसराच शब्द तयार करी, लांबलचक शब्द अर्ध्यात वळवी, आणि तो विनोद कळण्यासाठी मुलाला मूळचे दोन्ही शब्द माहीत असावे लागत.

येथे मला आपल्या कोटीबाज परंपरेची आठवण होते, आणि खरे सांगायचे तर थोडा संकोचही वाटतो. आपण दोघेही कोट्यांवर वाढलो. आपल्याकडे कोटी करणारा क्षणभर थांबतो, सभागृहाकडे पाहतो आणि टाळी घेतो. कोटी हे त्याच्या हुशारीचे प्रमाणपत्र असते. सोलला मात्र आपण कोटी केली हेच ठाऊक नसते. तो प्रामाणिकपणे काहीतरी गंभीर सांगत असतो, शब्द त्याच्या हातातून निसटतो, आणि निसटलेला शब्द मूळ शब्दापेक्षा अधिक खरे बोलून जातो. टाळी शब्दाला मिळते, सोलला मिळत नाही. संस्कृत नाटकातला विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो, हे तूच मला एकदा समजावून सांगितले होतेस. दरबारी भाषेच्या बाहेर उभा असल्यामुळे त्याला जे म्हणता येते ते राजाला म्हणता येत नाही. सोल त्याच जागेवर उभा आहे, फक्त त्याने स्वतःची प्राकृत स्वतः घडवली आहे.

ही गोष्ट क्युबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे तिथे, आणि नेमक्या त्याच वर्षांत घडली, हे मला योगायोगाचे वाटत नाही. त्या वेळी प्रांतातील बहुसंख्य लोकांची भाषा फ्रेंच होती, तरी मॉन्ट्रियलच्या मोठ्या व्यापारउदिमाची भाषा इंग्रजी होती, आणि कामगार वस्त्यांतल्या बोलीला खुद्द फ्रेंच सुशिक्षितही नाके मुरडत. शाळेत शिकवणाऱ्या एका धर्मबंधूने या बोलीवर आणि शिक्षणावर कोरडे ओढणारे पुस्तक 1960 मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केले, ते लाखाहून अधिक खपले. त्यानंतर बोली रंगमंचावर आणावी की नाही यावर वर्षानुवर्षे भांडणे झाली, आणि 1977 मध्ये फ्रेंचला कामकाजाची आणि व्यवहाराची भाषा करणारा कायदा आला. भाषा हा इतका दुखरा विषय असताना मुलांच्या कार्यक्रमात एक माणूस सतत भाषेची मोडतोड करीत होता आणि कोणाचीही भावना दुखावत नव्हती. सोल त्या वादग्रस्त बोलीत बोलत नसे, हे त्याचे एक कारण. त्याच्या चुका कोणत्याही वस्तीच्या किंवा वर्गाच्या नव्हत्या, त्या केवळ त्याच्या होत्या, त्यामुळे त्याला हसताना कोणालाही शेजाऱ्याला हसल्यासारखे वाटत नव्हते.

मालिका संपल्यावर फाव्रोने जे केले ते मला सर्वांत धाडसाचे वाटते. सत्तरच्या दशकात त्याने तोच कोट, तीच टोपी घालून मोठ्यांसाठी एकपात्री प्रयोग सुरू केले, आणि पुढे जवळजवळ आयुष्यभर तो ते करीत राहिला. फ्रान्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्येही ते झाले. मुलांचा लाडका नट मोठ्यांपुढे जाताना सहसा आधीचे रूप टाकून देतो. फाव्रोने ते टाकले नाही, आणि जे प्रेक्षक लहानपणी जमिनीवर मांडी घालून त्याला पाहत होते तेच आता तिकीट काढून खुर्चीत बसले. त्याच्या एका प्रयोगाचे नाव ‘ले झ लँपिद’ असे आहे. शब्दशः अर्थ ‘नितळ अंडी’, पण कानाला ऐकू येते ते फ्रेंचमधले ऑलिंपिक. ज्या शहराने 1976 चे ऑलिंपिक भरवले आणि ज्याच्या ऑलिंपिक स्टेडियमचे कर्ज 2006 पर्यंत फिटत राहिले, तिथे हे नाव कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

मला मात्र त्याचे वृद्धांवरचे स्वगत सर्वांत मोठे वाटते. त्यात सोलला म्हातारे होण्याची घाई झाली आहे. म्हाताऱ्यांची चैन असते, असे त्याचे निरीक्षण आहे. त्यांना कोणी काम करायला लावत नाही, त्यांनी दमू नये म्हणून लोक इतके जपतात की हातातले काम पुरे करण्याआधीच त्यांना थांबवतात. मग तो निवृत्तीसाठीचा शब्द उच्चारतो आणि त्याला सहज ‘बंद’ हे विशेषण जोडतो. क्युबेकच्या कॅथलिक कुटुंबांना ती शब्दांची जोडी ओळखीची होती, कारण मठात काही दिवस दार बंद करून मौन पाळण्याच्या धार्मिक शिबिराला तेच म्हणत. निवृत्त झालेली माणसे आणि बंद दार एका क्षणात शेजारी येतात, आणि सोल हे सगळे कौतुकाच्या सुरात सांगत असतो. प्रेक्षागृहात हशा होतो, आणि तो नेहमीपेक्षा थोडा लवकर थांबतो. हा उपरोध आहे असे म्हणावे तर उपरोधिक बोलणाऱ्याला आपण उपरोध करतो आहोत हे माहीत असते; सोलला माहीत नाही. ध्वनिमुद्रणावर हे ऐकताना मला शब्दकोश हाताशी ठेवावा लागतो, तरीही त्याचा परिणाम कमी होत नाही.

सत्तरच्या दशकात खाजगी वाहिनीवर झाक देरोझिएचा पातोफ नावाचा दुसरा विदूषक आला होता. तोही अफाट लोकप्रिय झाला, त्याच्या गाण्यांच्या तबकड्या धडाधड खपल्या. माझ्या पिढीचे इथले काही मित्र सोलपेक्षा पातोफच्या आठवणीने अधिक खुलतात आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. तुझ्या कामाला मात्र पातोफ उपयोगाचा नाही. तसला विदूषक नको म्हणूनच तर तू मला लिहिलेस.

आता तुझ्या शिबिराविषयी. सोलचे भाषांतर करू नकोस; त्याची एकही ओळ मराठीत जगणार नाही. त्याऐवजी शिबिराच्या पहिल्या आठवड्यात मुले बोलताना ज्या चुका करतात त्या चुपचाप लिहून काढ, आणि तुझ्या विदूषकाची भाषा त्यांतूनच तयार कर. नट निवडताना जो विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे त्याला घेऊ नकोस, तो टाळीची वाट पाहणार. ज्याला खोटे बोलताना पकडले जाते असा कोणीतरी घे. जोडीदाराला सक्त ताकीद दे की त्याने चूक सुधारायची ती प्रेमाने, भुवया न उंचावता. संहितेची पहिली पाने झाली की मला पाठव, मी सोल आणि गोब्लेचा एखादा भाग पाहून कोण कधी बोलतो आणि कोण कधी गप्प राहतो याचे टिपण करून तुला धाडीन. फाव्रो 17 डिसेंबर 2005 रोजी गेला, द्युराँ 2018 मध्ये. पण भागांची चित्रमुद्रणे मिळतात, तेव्हा ती अडचण नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर लवकर लिही, विशेषतः नट कोण ठरला ते.

तुझा,
अविनाश