लाइफ कोचना आचारसंहिता कोण लावणार?

महोदय,
माझ्या भाच्याने इथल्याच एका ‘लाइफ कोच’ला, म्हणजे आयुष्यातल्या अडचणींवर फी घेऊन मार्गदर्शन करणाऱ्याला, पंचवीस हजार रुपये मोजले. तिसऱ्या बैठकीनंतर त्याच्या घरातली भांडणं त्या कोचच्या रीलमध्ये झळकली. नाव नव्हतं, पण अख्ख्या गल्लीनं ओळखलं! तालमीतला वस्तादसुद्धा पठ्ठ्याचं दुखणं चारचौघांत काढत नाही.

१९९५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या अशा कोचच्या जागतिक संघटनेच्या आचारसंहितेनुसार गोपनीयता, तिच्या मर्यादा आणि फीचे व्यवहार काम सुरू होण्याआधीच ठरवावे लागतात. पण ही संहिता त्या संघटनेच्याच सभासदांना आणि प्रमाणपत्रधारकांना लागू. आपल्याकडे डॉक्टर-वकिलांसारखी नोंदणीची सक्ती या धंद्याला नाही, कुणीही पाटी लावावी. निदान लेखी करार मागून घ्या. भाच्याने मागितला नव्हता. फी अजून अडकलेलीच आहे.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर