मामा, हे टोमॅटो तुमचेच

मामा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही सोसायटीतलं माळीकाम सोडून गावी गेलात, त्याआधीच हे बोलायला हवं होतं. नंतर फोनवर सुरुवात केली की तुम्ही "त्यात काय ताई" म्हणता आणि गोष्ट पाऊसपाण्यावर नेता. म्हणून लिहून काढते आहे, आणि कुणालाही वाचता येईल असं लिहिते आहे. आमच्या सोसायटीत, वर्तकनगरात, पार पोखरण रोडपर्यंतच्या ओळखीपाळखीत लोक 'ताईंचे टोमॅटो' म्हणून ते मागतात. त्यांना कळायला हवं की हे टोमॅटो आले तुमच्याकडून आणि ते राखायची विद्याही तुमचीच. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. नातवाला सांगा, तो वाचून दाखवेल.

सोसायटीला तुम्ही हिरवळ कापायला आणि कुंड्यांना पाणी घालायला हवे होतात. टोमॅटोची जाण असलेला माणूस आपल्या आवारात रोज येतो, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. जुन्नर तालुक्यात तुमच्याकडे टोमॅटो म्हणजे नारायणगावच्या बाजाराचं पीक. कॅरेटमध्ये भरून शेकडो किलोमीटर जायचं, म्हणून जाड सालीचं, टणक, एका मापाचं फळ हवं. ते संकरित बियाणं तुम्ही शेतात लावत होतात आणि त्याच शेताच्या बांधाला तुमच्या घरच्या बायका जुना गावठी टोमॅटो राखून होत्या. चपटा, खाचाखाचांचा, पातळ सालीचा, चांगला आंबट. बाजारात त्याला भाव नाही, कारण तो संध्याकाळपर्यंत पिचतो. घरच्या कालवणाला मात्र तोच. त्याचं बी तुम्ही मला दिलंत. पैसे विचारले तर म्हणालात, "बी दोन घरी असावं. एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरी मिळतं."

तेव्हा मी विचारलं होतं की बाजारातल्या चांगल्या टोमॅटोचं बी काढून लावलं तर काय बिघडतं. तुम्ही किती नीट समजावलंत! हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर. पहिल्या पिढीत सगळी झाडं सारखी येतात, पण त्यांचं बी धरलं की पुढच्या पिढीत गुण फुटून निघतात. एक झाड असं, दुसरं तसं. सरळ वाणाचं, म्हणजे संकर नसलेल्या वाणाचं, तसं होत नाही. पुसा रुबी, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं धनश्री, ही सरळ वाणं आहेत, त्यांचं बी घरी धरता येतं. आणि गावठी वाण तर पिढ्यान्‌पिढ्या घरीच धरत आलेलं.

ठाण्यात टोमॅटो होत नाही असं मी आयुष्यभर ऐकलं होतं. तुम्ही म्हणालात, होतो, वेळ साधायला हवी. गणपती बसले की बी, नवरात्रात रोपं बाहेर. ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत, बी जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोल, आणि ट्रे पागोळ्यांपासून लांब, कारण भाद्रपदातल्या एखाद्या सरीनंतर पाणी साचलं की रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. आठवड्याच्या आत कोंब दिसतात. रोप लावताना खालची पानं काढून खोड खोल गाडायचं, कारण टोमॅटोच्या खोडालाच मुळं फुटतात. आमच्या मागच्या अंगणात मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा होता. तिथे कुदळ चालवायचं सोडून मोठ्या बादल्यांना भोकं पाडून त्यांत माती भरायची कल्पनाही तुमचीच.

वेळ साधायची म्हणजे काय, ते मला फुलं येईपर्यंत पुरतं उमगलं नव्हतं. टोमॅटोचं फूल फळात बदलायला रात्र गार लागते, साधारण 15 ते 20 अंश. रात्री त्याहून गरम राहिल्या की पराग नीट तयार होत नाहीत आणि फूल देठापासून गळतं. ऑक्टोबरातल्या ठाण्याच्या रात्री काही तेवढ्या गार नसतात. म्हणून पहिली फुलं गळाली तरी घाबरायचं नाही, खत ओतायचं नाही, थांबायचं. येऊरच्या डोंगरावरून गार वारा यायला लागला की फुलं धरतात. तसंच होतं. उन्हाळ्यात टोमॅटो लावून वैतागलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते.

फुलांना टिचकी मारायचंही तुम्हीच दाखवलंत. टोमॅटोच्या फुलात पराग एका पिवळ्या नळीत कोंडलेले असतात, ते हलवल्याशिवाय सुटत नाहीत. साधी मधमाशी ते सोडवू शकत नाही. काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून पंखांच्या स्नायूंनी अशी थरथरतात की पराग खाली झडतात. तो गुणगुणाट मी आता लांबूनही ओळखते. माशा नसतील तिथे सकाळी घोसाला हलकी टिचकी पुरते. पराग बहुतेक त्याच फुलात पडतात, म्हणून वाण शुद्ध राहतं. तरी जवळ दुसऱ्या जातीचा टोमॅटो असेल तर बियाण्यासाठीच्या घोसाला कळ्या असतानाच मलमलची पिशवी बांधायची, हेही तुमचंच.

पण मामा, सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही बोलून गेलात ती वेगळीच. "बी फळ बघून धरायचं नसतं, झाड बघून धरायचं." मी बागकामाची पुष्कळ माहिती वाचली आहे, हे इतक्या स्वच्छ शब्दांत कुठे सापडलं नव्हतं. मोठं, देखणं फळ कोणालाही मोहात पाडतं. ते ज्या झाडावर आलं त्या झाडाची पानं करप्याने वाळली आहेत का, पांढऱ्या माशीने आणलेल्या चुरडामुरड्याने शेंडा गोळा झाला आहे का, हे कोण बघतं? तुम्ही बघायला लावलंत. डिसेंबरात आपण प्रत्येक बादलीसमोर उभं राहून बघत असू. कोणतं झाड दुपारच्या उन्हातही मान टाकत नाही, कोणावर घोस लवकर येतात, कोणाच्या फळाला दमट हवेतही तडा जात नाही. जी झाडं पसंत पडली त्यांच्या काठीला लाल चिंधी. चिंधीच्या झाडांची पहिली चांगली फळं बियाण्याची, ती कुणी तोडायची नाहीत. आणि एकाच झाडावर थांबायचं नाही, चार-सहा चांगल्या झाडांचं बी एकत्र धरायचं, म्हणजे वाणात थोडी विविधता राहते.

घरात वाद झाले यावरून. सासूबाईंना साराला तीच पिकलेली फळं हवी असायची आणि चिंधी बघून त्या मागे फिरायच्या. आता त्याच आल्यागेल्याला सांगतात, "ती नको तोडूस, ती बियाण्याची." हिरव्या टोमॅटोची दाण्याचा कूट घातलेली चटणी आम्ही बिनचिंधीच्या झाडांची करतो. साराला तर या टोमॅटोशिवाय चव येत नाही, चिंचेची गरजच पडत नाही.

बी काढायची तुमची रीत मी तशीच चालवते. फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यायचं, आडवं कापायचं, गर आणि बी काचेच्या पेल्यात पिळायचं, नाव आणि साल लिहून सावलीत आंबायला ठेवायचं. बीभोवतीच्या बुळबुळीत थरात उगवण रोखणारी द्रव्यं असतात. ती नसती तर ओल्या फळातच बी रुजलं असतं. आंबवल्यावर तो थर सुटतो. आपल्या हवेत दोन दिवस पुरतात, जास्त ठेवलं तर पेल्यातच कोंब फुटतात. वर पांढरी साय आली की धुवायचं. भरलेलं बी तळाशी बसतं, पोकळ वर तरंगतं, ते ओतून द्यायचं. मग स्टीलच्या ताटलीत सावलीत वाळवायचं, कागदावर नको, कागद चिकटतो. तुम्ही राख चोळत होतात. मी बी कागदी पुडीत आणि पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवते, कारण ठाण्याच्या पावसाळ्यात सादळायला वेळ लागत नाही. कोरडं राहिलं तर टोमॅटोचं बी चार-पाच वर्षं सहज उगवतं.

तुमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल 2020 चा पद्मश्री मिळाला, तेव्हा आपण त्यांचा फोटो फोनवर पाहिला होता. तुम्ही म्हणालात, आमच्या आयाही हेच करायच्या, पण कुणी विचारलं नाही. ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं आहे. या पत्रामागे तेही एक कारण आहे.

आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. अमेरिकेत 'चेरोकी पर्पल' नावाचा जांभळट टोमॅटो आहे, तिथल्या बागकाम करणाऱ्यांचा फार लाडका. 1990 साली टेनेसी राज्यातल्या जॉन ग्रीन यांनी टोमॅटोची जुनी वाणं जमवणाऱ्या क्रेग लहूलियर यांना पाकिटातून थोडं बी आणि सोबत चिठ्ठी पाठवली. चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांकडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, एवढीच त्यावर माहिती, वाणाला नाव नव्हतं. लहूलियर यांनी ते लावलं, नाव दिलं आणि बी पुढे वाटलं. आज ते जगभर लावलं जातं. टपालातली एक चिठ्ठी, आणि एक वाण जगलं! तुमचं बीही आता इमारतीत बऱ्याच घरी गेलं आहे. पुडीवर मी 'मामांचा गावठी, जुन्नर' आणि साल लिहून देते. तुमच्या घरी याला काही वेगळं नाव असेल तर कळवा, पुड्यांवर तेच लिहीन.

आता एक शंका, तुम्हीच सोडवाल अशी. यंदा एका झाडाला बिनखाचांची, गुळगुळीत गोल फळं आली आहेत. झाड निरोगी आहे, घोस भरपूर आहेत, चव थोडी गोडसर. मलमलची पिशवी मागच्या वर्षी एका घोसाची निसटली होती, भुंग्याने शेजारच्या कठड्यावरच्या हायब्रीडचा पराग आणला असेल असा माझा अंदाज. चिंधी बांधलेली नाही, बी मूळ वाणात मिसळणार नाही हे नक्की. पण हे वेगळं धरून एक वर्ष लावून बघू, की सरळ खाऊन टाकू? झाडाचे फोटो नातवाच्या फोनवर पाठवले आहेत, पानांचाही जवळून एक आहे. बघून सांगा. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.

मामींना नमस्कार.

तुमची,
तळमजल्यावरची ताई