करकरणाऱ्या सायकलीविषयी मित्रास पत्र

अंबाजोगाई,
दि. २१ जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा हाती आले आणि त्यातला सायकलीचा मजकूर मी दोनदा वाचला. तीन महिन्यांत तीन वेळा दुकानात नेऊन, बीबीचा, म्हणजे दोन्ही पायडलांमधल्या एक्सलच्या बेअरिंगचा, संपूर्ण संच नवा बसवूनही करकर तशीच राहिली, म्हणून ती सायकल विकून टाकण्याचा विचार तू कळवला आहेस. कृपा करून तसे करू नकोस. तुझ्या सायकलीत मोठे काही बिघडलेले नाही, असे मला तुझ्याच पत्रातल्या एका वाक्यावरून वाटते. पुलाच्या चढावर उभा राहून पायडल मारतोस तेव्हा आवाज थांबतो, असे तू सहज लिहून गेला आहेस. बीबीचा दोष असता तर उभे राहिल्यावर, सगळा भार पायडलवर आल्यावर, आवाज वाढायला हवा होता. तो थांबतो याचा अर्थ तो बहुधा सीटखालून येतो आहे.

तुला तो पायाखालून येतो असे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या जुन्या माळवदाच्या घरात रात्री एका तुळईत किडा कोरू लागला की आवाज भलत्याच खणातून आल्यासारखा वाटे, हे तुला आठवत असेल. सायकलीची फ्रेम तर पोकळ नळ्यांची, त्यामुळे सीटच्या नळीतला आवाज खाली बीबीपर्यंत उतरतो आणि कान फसतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी सायकल चालवून आवाजाची जागा शोधायची, हा क्रम मी कधीही मोडत नाही.

पायडल मारणे थांबवून सायकल नुसती घरंगळू दे. तरीही आवाज येत राहिला तर दोष चाकात, मडगार्डात किंवा कॅरिअरमध्ये आहे. पायडल मारतानाच येत असेल, तर प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी येतो का ते पाहा. तसे असेल तर पायडल, क्रँक (पायडल ज्याला लागते तो दांडा) आणि बीबी यांच्यावर संशय घ्यावा. दोन-अडीच फेऱ्यांतून एकदाच टक् होत असेल तर चेनची एखादी कडी आखडली आहे असे समज, कारण ११२ कड्यांची चेन ४४ दात्यांच्या चकतीवर एक पूर्ण चक्कर मारायला साधारण अडीच फेरे घेते. शेवटी सायकल उभी ठेवून, पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलव. तेव्हा कट् कट् झाले तर हँडलच्या दांडीचे बोल्ट किंवा फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) गळ्यातले बेअरिंग ढिले आहे.

आता करकर होते कशाने, ते सांगतो. जे दोन भाग एकमेकांना घट्ट धरून असायला हवेत, त्यांच्या मधले ग्रीस वाळते, तिथे धूळ शिरते, आणि मग भार येताच ते केसभर सरकतात, अडतात, पुन्हा सरकतात. परभणीकडची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी बारीक होऊन कुठेही शिरते, आणि पाऊस लागला की तुम्ही लोक मोटारीच्या पाइपने सायकल धुता, तेव्हा उरलेसुरले ग्रीसही वाहून जाते. आमचे आजोबा आखाला वंगण घातल्याशिवाय बैलगाडी वाड्याबाहेर काढू देत नसत. सायकलीलाही तेवढीच काळजी हवी असते, एवढेच माझे म्हणणे आहे.

तेव्हा पहिले काम सीटचे कर. सीटची दांडी नळीत जिथवर गेली आहे तिथे चिकटपट्टीची खूण कर, बोल्ट सैल करून दांडी पूर्ण बाहेर काढ आणि रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने दांडी व नळीची आतली बाजू दोन्ही पूस. फडक्यावर राखाडी चिखल येईल, तोच तुझा आवाज आहे असे मला वाटते. दांडीला ग्रीसचा पातळ थर दे आणि खुणेपर्यंत परत बसव. दांडीवर कोरलेली कमाल उंचीची रेघ नळीबाहेर दिसता कामा नये. सीटखालच्या दोन सळया जिथे पकडल्या आहेत ती पकडही उघडून पूस आणि तिच्या बोल्टच्या आट्यांना ग्रीस लाव. (तुझी दांडी अॅल्युमिनियमची आहे म्हणून हे चालते, कार्बनच्या दांडीला ग्रीस लावायचे नसते.) हे करताना मागच्या रिमला बोटे लागू देऊ नकोस, कारण ब्रेक त्याच रिमवर धरतो.

एवढ्याने आवाज गेला तर बाकी काही उघडू नकोस. मात्र डाव्या क्रँककडे एकदा पाहा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण त्या दुर्लक्षाची किंमत मी मोजली आहे. गेल्या वर्षी परळीच्या रस्त्यावर माझ्या डाव्या पायाखाली टक् टक् सुरू झाली. घरी गेल्यावर पाहू, असे म्हणून मी तसाच पुढे गेलो. क्रँकचा बोल्ट ढिला झाला होता. आतला चौकोनी एक्सल पोलादाचा आणि क्रँक अॅल्युमिनियमचा, त्यामुळे काही किलोमीटरांत क्रँकचे चौकोनी भोक कोपऱ्यांतून झिजले. नंतर कितीही आवळला तरी तो दोन दिवसांत पुन्हा ढिला होई. चांगला क्रँक केवळ माझ्या आळसाने भंगारात गेला, याचे मला अजून वाईट वाटते.

बोल्ट मुळात ढिला का होतो, हे समजून घेतल्यावर माझी आवळण्याची पद्धतच बदलली. आवळलेला बोल्ट हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. तो किंचित लांबतो, त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात आणि त्या दाबामुळे होणारे घर्षण त्यांना सरकू देत नाही. ताण अपुरा असेल तर भाग आडवे सरकू लागतात आणि प्रत्येक सरकण्यागणिक बोल्ट आपोआप उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली हेच प्रयोगाने दाखवले, की उभ्या हादऱ्यांपेक्षा हे आडवे सरकणेच बोल्टला अधिक लवकर सोडवते. म्हणून क्रँकच्या बोल्टला ३५ ते ४० न्यूटन-मीटर इतका जोर लागतो, म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाशी जवळजवळ २० किलो वजनाइतका. याउलट हँडलच्या दांडीचे लहान बोल्ट बहुधा ५ न्यूटन-मीटरमध्येच समाधानी असतात. १० सेंटिमीटरच्या चावीवर ५ किलो, त्याहून जास्त नाही. दुकानात सर्वच बोल्ट अंगच्या जोराने पिळले जातात, त्यात लहान बोल्टचे आटे जातात आणि मोठा मात्र कमीच आवळलेला राहतो.

पायडल काढून आट्यांना ग्रीस लावणार असशील तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरू नकोस. १५ नंबरचा पाना पायडलच्या एक्सलवर उभा धर. त्याचे वरचे टोक पुढच्या चाकाकडे ढकलले की दोन्ही बाजूंचे पायडल आवळले जातात आणि मागे ओढले की सुटतात. कॅरिअरचे बोल्ट वारंवार पडतात असे तू लिहिले आहेस. तिथे नायलॉनचे कडे असलेले नट वापर, किंवा आटे कोरडे पुसून निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लाव. तो साध्या पान्याने पुन्हा सुटतो, लाल मात्र घेऊ नकोस.

राहिली तुझ्या आप्पांची काळी सायकल. ती तू पुन्हा चालती करणार हे वाचून मला किती आनंद झाला, ते कसे सांगू! आप्पा तिच्यावरून शाळेत येत तेव्हा चेनकव्हरचा विशिष्ट आवाज आपल्याला फाटकापासून ऐकू येई. तिचा क्रँक बोल्टवर नसून कॉटरवर, म्हणजे आडव्या ठोकलेल्या लोखंडी खिळीवर, बसलेला आहे. कॉटरची एक बाजू उतरती तासलेली असते आणि ती एक्सलच्या खाचेवर पाचरीसारखी बसते. कॉटर हा नट पिळून आत ओढायचा नसतो, तसे केल्यास आटेच तुटतात. क्रँकखाली लोखंडी नळीचा किंवा सागाच्या ओंडक्याचा भक्कम टेका देऊन कॉटर हातोडीने आत ठोकायचा आणि नट फक्त तो जागेवर धरण्यासाठी लावायचा. टेका दिला नाहीस तर प्रत्येक घाव बीबीतल्या छर्ऱ्यांवर पडेल आणि कपात खळगे पडतील. दोन्ही बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घाल, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येणार नाहीत. पहिले पाच-सहा किलोमीटर चालवून झाल्यावर कॉटर पुन्हा एकदा ठोकून नट आवळ.

मी येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी परभणीला येतो आहे. १५ चा पाना, क्रँक काढण्याचा पुलर आणि ग्रीसची डबी सोबत आणीन. कॉटर मात्र तू जुना काढून नमुन्यादाखल दुकानात ने आणि त्याच जाडीचे दोन घेऊन ठेव. तोवर सीटचे काम करून काय झाले ते मला कळव, आणि डावा क्रँक हाताने हलवून पाहताना जरासाही हलला, तर सायकलीवर न बसता ती घरापर्यंत ढकलत आण.

आप्पांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र