करवाढीला भाषेची जोड हवी

संपादक महोदय,

अमेरिकेतील स्थलांतरितांमधील धूम्रपान घटण्याचे सगळे श्रेय तंबाखूवरील करवाढीला देणारा आपल्या अंकातील लेख वाचला. करवाढ परिणामकारक ठरते, यात वाद नाही. पण सरासरीमागे दोन उलटे प्रवाह दडलेले असतात. जिथे पुरुष सर्रास ओढतात अशा देशांतून अमेरिकेत आलेल्या पुरुषांत हे प्रमाण सहसा कमी होते. त्याच समाजातील, अमेरिकेत वाढलेल्या मुली मात्र अनेकदा सिगारेटकडे वळतात.

शिवाय कर हा सिगारेट सोडण्याची इच्छा जागवतो, पद्धत शिकवत नाही. सिगारेट सोडताना तलफ भागवण्यासाठी चघळायच्या निकोटिन गमचेच पाहा. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, इतरांना २ चा. तो सलग चघळायचा नसतो. तोंडात चरचरले की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, चरचर थांबली की पुन्हा चावायचा, असे सुमारे अर्धा तास. आधीची १५ मिनिटे कॉफी किंवा फळांचा रस नको; आम्लामुळे निकोटिन तोंडात नीट शोषले जात नाही. पाकिटावरचे इंग्रजी न वाचता येणारा तो भराभर चघळतो, निकोटिन पोटात जाते, उचक्या आणि जळजळ सुरू होते. मग ‘हे औषध बाधते’ म्हणत स्वारी पुन्हा सिगारेटवर!

कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकापासून चिनी, कोरियन आणि व्हिएतनामी भाषांतही फोनवर समुपदेशन मिळते, आणि त्यासाठी तंबाखूवरील कराचाच पैसा वापरला गेला आहे. लेखात याचा उल्लेख हवा होता.

— एक वाचक