फोन ठेवला त्या रात्रीचं पुस्तक

फिलाडेल्फिया,
गुरुवार

ती. आई आणि अण्णा यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. थंडी ओसरलीय, जेवण वेळेवर होतं, आणि व्हिडिओवर तोंड उतरलेलं दिसलं ते खोलीतल्या पिवळ्या दिव्यामुळे. वजन केलंय, कमी झालेलं नाही.

त्या दिवशी ‘झोप आलीय’ म्हणून फोन ठेवला, पण झोपले नाही. पहाटे तीनपर्यंत पुस्तक वाचत बसले.

अण्णा, पुस्तक कुठे मिळालं ते ऐका. इथे लोक घरापुढे खांबावर लाकडी पेटी उभी करतात. कौलारू छप्पर, काचेचं दार, कुलूप नाही. आत पुस्तकं. अनामत नाही, वही नाही, सही नाही, दंड नाही. हवं ते न्यायचं, जमलं तर आपल्याकडचं एखादं ठेवायचं. पहिल्यांदा मी पुस्तक काढलं आणि कोणीतरी हटकेल म्हणून तिथेच उभी राहिले. कोणी येईना, तेव्हा बेल वाजवून विचारलं. घरातली आजी माझ्याकडेच काळजीने बघायला लागली. ही टूम 2009 साली विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावच्या टॉड बोल यांनी काढली. त्यांची आई शिक्षिका, वाचनवेडी. तिच्या आठवणीसाठी त्यांनी एका खोलीच्या शाळेसारखी पेटी करून दारात लावली. याच शहरात बेंजामिन फ्रँकलिनने 1731 साली वर्गणीचं वाचनालय काढलं होतं, म्हणजे आपल्या नाशिकच्या 1840 च्या सार्वजनिक वाचनालयापेक्षाही, सावानापेक्षाही जुनं. पेटी नाशकात लावली तर संध्याकाळपर्यंत खांबासकट जाईल, हे तुम्ही म्हणणार. मी म्हणत नाहीये.

पुस्तक होली जॅक्सनचं, ‘फाइव्ह सर्व्हाइव्ह’. कॉलेजच्या वयाच्या पोरांसाठी लिहिलेलं, हसू नका. तुम्ही झुंजारच्या रहस्यकथा वहीत लपवून वाचायचात, हे आजीने मला सांगितलंय. सहा जण सुट्टीत एका घरगाडीतून निघतात. घरगाडी म्हणजे ओटा, पलंग, संडास सगळं आत असलेली बस. ही एकतीस फूट लांब आहे. रात्री आडरानात टायर फुटतात. नंतर कळतं की कोणीतरी अंधारातून बंदूक रोखून बसलंय, आणि त्याला सहापैकी एकाचं गुपित हवंय. मोबाइलला रेंज नाही. आधी सगळे एकमेकांना धीर देतात, मग संशय घेतात, मग एकेकाचं काहीबाही बाहेर यायला लागतं. बंदुकीपेक्षा मला त्याचीच भीती वाटली. शेवट सांगत नाही, अण्णा, पुस्तक तुमच्यासाठी ठेवलंय.

आई, आता लगेच ‘तिकडे रोज गोळीबार होतात’ सुरू करू नकोस. पुस्तकात होतो. शहरात काही भागांत होतो, तिकडे मी जात नाही. ऑफिसातून उशीर झाला तर मैत्रीण सोडते. दाराला दोन कड्या आहेत. त्यातली एक नीट लागत नाही, पण घरमालकाला सांगितलंय.

पुस्तकातली मुलगी याच शहरातली. तिची आई पोलिसात होती, मारली गेली. आईशी शेवटचं फोनवर बोलणं भांडणात संपलेलं, तेच तिच्या डोक्यातून जात नाही. तिथे मी पुस्तक उलटं ठेवलं आणि घड्याळ पाहिलं. तुमच्याकडे दुपारचे साडेबारा. तू वरण-भाताचं बघत असशील म्हणून फोन केला नाही. करायला हवा होता.

बरं, राहिलेलं भराभर लिहिते. या महिन्यात पैसे थोडे कमी आलेत, पुढच्या महिन्यात भर घालते. मेचं तिकीट काढलं असं म्हणाले होते, ते काढलेलं नाही. ते पैसे दादाच्या फ्लॅटच्या हप्त्याला दिले. त्याला बोलू नका, ‘आईला कळू देऊ नकोस’ असं तोच म्हणाला होता. दिवाळीला येते, नक्की.

संगमनेरच्या मुलाचा फोटो उघडला नाही म्हणाले, पण उघडला होता. मुलगा चांगला दिसतो. त्यांना एवढ्यात हो कळवू नका, नाहीही कळवू नका. मला आधी तुझ्याशी बोलायचंय, आई. तू एकटी असताना. शनिवारी तुमच्या सकाळी सातला फोन करते, अण्णा फिरायला गेले की.

वहिनीला आणि छोटीला गोड पापा. अण्णा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
मनी